पावतीवरील आरोग्य आणि प्रत्यक्षातील विद्यार्थी

दरवर्षी जून-जुलैमध्ये महाविद्यालयांच्या कार्यालयांपुढे प्रवेशाच्या रांगा लागतात. शुल्क भरल्यावर विद्यार्थ्याच्या हाती जी पावती पडते तिच्यावर शिक्षणशुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना या रकमांच्या खाली कोठेतरी वैद्यकीय तपासणी, विद्यार्थी कल्याण, समूह विमा अशीही काही शीर्षके असतात. रक्कम मोठी नसते, म्हणून तिचा हिशेब कोणी विचारीत नाही. परंतु या रकमेच्या मोबदल्यात विद्यार्थ्यास काय मिळते, हे एकदा विचारून पाहावे. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या एखाद्या दुपारी डॉक्टर येतात, उंची आणि वजन लिहून घेतात, तक्त्यावर सही करतात. आणि तेथून पुढे पदवी हाती पडेपर्यंत विद्यार्थ्याच्या शरीराशी वा मनाशी महाविद्यालयाचा काही संबंध उरत नाही. प्रथमोपचाराची पेटी कपाटात असते, कपाटाची किल्ली शिपायाकडे असते आणि शिपायाची जागा रिकामी असते.

हा प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात १३,०८९ आणि २०२२ साली १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. म्हणजे रोज सरासरी पस्तीसहून अधिक. या दोन्ही वर्षी महाराष्ट्राचा क्रमांक देशात पहिला होता : २०२१ साली १,८३४ आणि २०२२ साली १,७६४. फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्या राज्यातील मंत्र्याचे भाषण सुरू होत नाही, त्या राज्याच्या शिक्षणव्यवस्थेचे हे प्रगतिपुस्तक आहे. पोलिसांच्या रकान्यात प्रत्येक मृत्यूपुढे एक कारण लिहावे लागते. 'परीक्षेतील अपयश', 'कौटुंबिक कलह', 'प्रेमप्रकरण' असे काहीतरी लिहिले जाते आणि कागद मिटतो. प्रत्यक्षात असे मरण एका कारणाने येत नसते. थकलेले घरभाडे, न आलेली शिष्यवृत्ती, न कळणाऱ्या इंग्रजीतील व्याख्याने, जातीवरून झालेली कुचेष्टा, अनेक दिवसांची अनिद्रा, आणि हे सारे ज्याला सांगावे असा माणूस आसपास नसणे, या सर्वांची मिळून ती एक गाठ असते. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत कमी खर्चात दूर करता येण्याजोगी आहे. तीच आपण केलेली नाही.

आत्महत्या हे या दुखण्याचे फक्त वर दिसणारे टोक होय. त्याखाली कितीतरी मोठा भाग आहे आणि तो केवळ मनाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. याच मुली दोन-चार वर्षांत महाविद्यालयाच्या बाकावर बसतात. धापा टाकीत तिसऱ्या मजल्यावर चढणारी, व्याख्यानात पेंगणारी, 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खाणारी मुलगी आळशी असेलच असे नाही. तिच्या रक्तात लोह नसेल. वसतिगृहातील पातळ वरण आणि खानावळीतील महिन्याचे पैसे भरता न आल्याने सोडलेले रात्रीचे जेवण यांची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही. २०१८ च्या जुलैमध्ये आदिवासी वसतिगृहांतील विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले ते कशासाठी? वसतिगृहातील भोजनालय बंद करून जेवणाचे पैसे बँक खात्यात टाकण्याचा शासनाचा निर्णय त्यांना मान्य नव्हता म्हणून. खात्यात पैसे कधी येतील याची शाश्वती नाही आणि भूक मात्र रोज दोन वेळा येते, हे त्या मुलांना अर्थखात्यापेक्षा अधिक चांगले कळले होते. तो मोर्चा विद्यार्थ्यांच्या आरोग्याचाच मोर्चा होता, जरी वर्तमानपत्रांनी त्याला तसे नाव दिले नाही.

आता शासनाच्या योजनांकडे पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांची तपासणी होते. २०१४ साली सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ या वयोगटासाठी आहे. त्याखाली आपल्या राज्यात शासकीय रुग्णालयांतून 'मैत्री' या नावाने सल्लाकेंद्रे चालतात. या दोन्ही योजना चांगल्या आहेत. परंतु मुलगा वा मुलगी एकोणीस वर्षांची झाली की दोन्ही दारे बंद होतात. नोकरी नाही म्हणून कामगार विमा योजनेचे स्वतःचे कार्ड नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना ही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे; झोप लागत नाही, पाळीत असह्य दुखते, खोकला तीन आठवडे जात नाही, मन कशात लागत नाही, अशा बाह्यरुग्ण विभागातील दुखण्यांना तिचा उपयोग नाही. म्हणजे १९ ते २४ या वयात, घर सुटलेले आणि कमाई सुरू न झालेली असताना, तरुण माणूस आरोग्यव्यवस्थेच्या दोन कुंपणांच्या मधल्या पडीक जमिनीवर उभा असतो. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करीत वर्षामागून वर्ष काढणाऱ्या हजारो मुलांची स्थिती तर याहून बिकट आहे. त्यांच्यावर कोणत्याही महाविद्यालयाचे छत्रही नाही.

सरकारी दवाखाना आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे; आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले, हेही आम्ही मान्य करतो. परंतु तेथील बाह्यरुग्ण विभाग प्रामुख्याने सकाळी चालतो. केसपेपर काढण्याची रांग, डॉक्टरांच्या दाराशी रांग, औषधांच्या खिडकीपुढे रांग. नेमक्या त्याच वेळी महाविद्यालयात व्याख्याने आणि प्रात्यक्षिके असतात, आणि पंचाहत्तर टक्के उपस्थितीची अट डोक्यावर टांगलेली असते. दुपारनंतर ज्याला दुकानात, गोदामात किंवा घरोघरी सामान पोहोचविण्याच्या कामावर जावयाचे आहे, त्याने आजारी केव्हा पडावे? मानसोपचाराच्या बाबतीत तर अडचण दुप्पट आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलास त्यांचा उपयोग किती? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के इतके आढळले होते. या वंचितांत विद्यार्थीही आले.

हे सारे कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली आपला अहवाल सादर केला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, ही त्यातील शिफारस सर्वांस ठाऊक आहे, कारण ती अद्याप अमलात आलेली नाही. परंतु त्याच अहवालात विद्यापीठे व महाविद्यालये यांतून पुरेशी आरोग्यसेवा उभारावी आणि दर हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक समुपदेशक असावा, असेही म्हटले होते. त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात उच्च शिक्षण घेणारे सुमारे ४५ लाख ७८ हजार विद्यार्थी होते. कोठारींच्या हिशेबाने राज्याला सुमारे साडेचार हजार पूर्णवेळ समुपदेशक हवेत. साठ वर्षांपूर्वीच्या या साध्या त्रैराशिकाचे उत्तर शासनाने अजून दिलेले नाही.

आता न्यायालयाने ते मागितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ रोजी उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी दुसऱ्या एका प्रकरणात पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत, शिकवणी वर्गांतसुद्धा, निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता असावा. याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. गुणांच्या उतरंडीवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत. साहाय्य दूरध्वनीचे क्रमांक ठळकपणे लावावेत, असे त्यांत म्हटले आहे. योग्य कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२३ साली विद्यार्थ्यांच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली होती.

तेव्हा कागदाची वाण नाही. वाण आहे ती माणसाची आणि पैशाची. समुपदेशक नेमण्याचा आदेश येतो, परंतु त्याच्या पगाराचे अनुदान येत नाही. मग काय होते, ते आपण सर्व जाणतो. मानसशास्त्राच्या किंवा तो विषय नसल्यास मराठीच्या एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात हे काम पडते. एका रिकाम्या खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागते. मूल्यांकन समिती यावयाच्या आदल्या आठवड्यात तेथे दोन खुर्च्या, एक फुलदाणी आणि एक नोंदवही येते. समिती गेल्यावर त्या खोलीत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडतात. जेथे प्राध्यापकांच्याच जागा तासिका तत्त्वावर भरल्या जातात, तेथे समुपदेशक कायमस्वरूपी कोठून येणार? १९८३ साली राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांचे धोरण आले तेव्हापासून शिक्षणाचा खर्च समाजावरून कुटुंबावर ढकलण्याचा जो क्रम सुरू झाला, त्याचा हा तर्कशुद्ध शेवट आहे. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो शहरातील खाजगी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाईल. ज्याच्याजवळ नाहीत त्याने फुलदाणीकडे पाहावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परीक्षेत गुण देणारा, उपस्थिती लावणारा, शिस्तपालन समितीवर बसणारा माणूस समुपदेशक होऊ शकत नाही. तो स्वभावाने कितीही सज्जन असो, विद्यार्थी त्याच्यापुढे मन उघडे करणार नाही. आणि केले तर पुढे त्यास पश्चात्ताप होण्याचा संभव राहील. समुपदेशनाचा पाया विश्वास हा आहे आणि विश्वासाचा पाया गुप्तता हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे, आणि त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही दिला आहे. जिवास धोका असण्यासारखे काही मोजके अपवाद सोडले तर ही माहिती कोणासही देता येत नाही. महाविद्यालयातील समुपदेशकासही हेच तत्त्व लागू झाले पाहिजे. प्रत्यक्षात मात्र मुलगी समुपदेशकाकडे गेली की ती बातमी संध्याकाळपर्यंत वसतिगृहाच्या अधीक्षिकेकडे आणि रात्री तिच्या गावी पोहोचते, अशी भीती सर्वत्र आहे. सज्ञान नागरिकास मतदानाचा हक्क द्यावयाचा, परंतु आपल्या दुखण्यावर तिचा हक्क मानावयाचा नाही, ही कोणती लोकशाही?

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण शरीराविषयीचे अज्ञान हे आपल्याकडे अजून शील समजले जाते. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले, आणि या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावली. त्यास शंभर वर्षे होत आली. आजही महाविद्यालयात गर्भनिरोधनावर किंवा गुप्तरोगावर डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावयाचे म्हटले की व्यवस्थापन मंडळास घाम फुटतो. कायदा मात्र पुढे गेला आहे. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव उघड करण्यास मनाई केली. सज्ञान स्त्रीस या बाबतीत स्वतःखेरीज अन्य कोणाच्या संमतीची गरज नाही. आणि अविवाहित स्त्रीसही या कायद्याचा समान लाभ मिळाला पाहिजे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. हे ज्या मुलीस ठाऊक नाही ती भोंदूच्या दारी जाते आणि कधी कधी परत येत नाही. ज्ञान पोहोचविणे हे महाविद्यालयाचे काम नसेल तर मग महाविद्यालयाचे काम तरी काय?

आपल्या पुरोगामी वर्तुळातील काही मित्रांस हा विषयच गौण वाटतो. मनाचे दुखणे हे मध्यमवर्गाचे चोचले आहेत. शोषण संपले की मने आपोआप निरोगी होतील. तोपर्यंत समुपदेशन म्हणजे लढ्याला दिलेली गुंगी, असा त्यांचा युक्तिवाद असतो. आम्हांस तो मान्य नाही. हातमोडक्या कामगाराला आपण असे सांगत नाही की यंत्रांची मालकी समाजाची झाल्यावर तुझा हात जोडू. आधी हात जोडतो आणि मग कारखान्याच्या दारात सभा घेतो. मनाला निराळा न्याय कशासाठी? शिवाय हे चोचले असतील तर ते कोणाचे आहेत? पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरातून आलेला, कर्ज काढून पाठविलेला, भाषेने आणि वेषाने वर्गात उपरा ठरलेला मुलगा एकाच वेळी घराची आशा आणि वर्गाची उपेक्षा डोक्यावर घेऊन चालत असतो. ते ओझे कारखानदाराच्या मुलावर नसते. मनाच्या दुखण्यालाही वर्ग असतो आणि जात असते.

परंतु उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे, आणि आजच्या शासनकर्त्यांचा कल त्याच बाजूस आहे. तो असा की, सामाजिक अन्यायाला व्यक्तीचा दुबळेपणा ठरवावयाचे आणि समुपदेशकाच्या खोलीत नेऊन बंद करावयाचे. शिष्यवृत्ती सहा महिने रखडली, म्हणून चिंतेने झोप उडालेल्या मुलास दीर्घ श्वास घेण्यास शिकविले तर त्याला त्या रात्री कदाचित झोप लागेल. शिष्यवृत्ती येणार नाही. शिक्षणमंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून केंद्रीय उच्च शिक्षणसंस्थांतील ९८ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांपैकी ३९ भारतीय तंत्रज्ञान संस्थांतील होते. त्या संस्थांत जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयात नसलेल्या सोयी आहेत; दवाखाने आहेत, समुपदेशकही आहेत. तरीही असे का व्हावे? हैदराबादच्या रोहित वेमुला याच्या २०१६ मधील आणि मुंबईच्या डॉ. पायल तडवी हिच्या २०१९ मधील मृत्यूनंतर त्या दोघांच्या माता सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या अधिक समुपदेशक मागण्यासाठी नव्हे. शिक्षणसंस्थांतील जातिभेद थांबविण्याची परिणामकारक यंत्रणा मागण्यासाठी गेल्या. या मातांनी जे ओळखले ते धोरणकर्त्यांनी अजून ओळखलेले नाही.

१८४८ साली वरच्या सायलेशियात विषमज्वरासारख्या एका तापाची साथ आली तेव्हा प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ विरशो या तरुण डॉक्टरास पाहणीसाठी पाठविले. त्याने रुग्ण तपासले, आणि अहवालात औषधांच्या जोडीला शिक्षण, स्वातंत्र्य, लोकशाही आणि भरपेट अन्न हेही उपाय म्हणून लिहिले. डॉक्टरने राजकारण करू नये असे त्याच्या वरिष्ठांस वाटले. त्यास वाटले की रोगाचे कारण सापडल्यावर ते न सांगणे हाच व्यवसायद्रोह आहे. महाविद्यालयातील आरोग्यकेंद्राने आणि समुपदेशकाने हीच भूमिका घ्यावी असे आमचे म्हणणे आहे. एका वसतिगृहातील तीस मुले पोटदुखी घेऊन आली तर प्रत्येकास गोळी द्यावी हे बरोबरच. पण मग स्वयंपाकघरातील पाण्याची टाकी कोणीतरी उघडून पाहिली पाहिजे. एका विभागातील दहा विद्यार्थिनी एकाच मार्गदर्शकाच्या नावाने अस्वस्थ होत असतील तर त्या दहाजणींना निरनिराळा धीर देऊन भागणार नाही. व्यक्तीचे नाव गुप्त राहावे आणि दुखण्याचे कारण उघड व्हावे, अशी नोंद ठेवणे शक्य आहे. तशी नोंदवही संस्थेच्या कारभाराची साक्षीदार ठरेल. व्यक्तीला आधार आणि संस्थेला जाब, ही दोन्ही कामे एकाच व्यवस्थेने केली पाहिजेत. पहिले टाळणारा क्रूर ठरेल आणि दुसरे टाळणारा लबाड.

महाराष्ट्रात या क्षेत्री स्वयंसेवी कार्याची मोठी परंपरा आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ मध्ये उभे राहिले, ठाण्याची मानसिक आरोग्य संस्था १९९० मध्ये. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये दूरध्वनीवरून समुपदेशन सुरू केले. या कार्याबद्दल आम्हांस आदर आहे. तरीही पंचेचाळीस लाख विद्यार्थ्यांचा भार चार-सहा ध्येयवादी संस्थांच्या खांद्यावर टाकून शासनाने मोकळे व्हावे, हे आम्ही मान्य करणार नाही. दानशूरांच्या मर्जीवर चालणारी सेवा उपकार ठरते. उपकाराचे ऑडिट मागता येत नाही.

शिक्षण घेणाऱ्या मुलाला पोट असते आणि मनही असते, हे आपल्या समाजसुधारकांस कोणी सांगावे लागले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली, ती केवळ छपरे नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आजारी मुलाच्या उशाशी कोणी बसावयाचे, हा प्रश्न त्या घरात उद्भवत नसे. मात्र ही माउली प्रत्येक महाविद्यालयास लाभेल, अशी अपेक्षा धरून धोरण आखता येत नाही. व्यक्तीच्या थोरवीने जे केले ते नियमाने, अंदाजपत्रकाने आणि हक्काने घडविणे, यालाच आम्ही समाजवाद म्हणतो.

यास्तव आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. एक, दर हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ, प्रशिक्षित समुपदेशक अनुदानित वेतनश्रेणीत नेमावा. त्यावर नियंत्रण विद्यापीठाचे असावे, प्राचार्याचे किंवा संस्थाचालकाचे नव्हे. लहान महाविद्यालयांनी मिळून एक नेमावा, परंतु ठरलेल्या वारी तो हजर असलाच पाहिजे. दोन, प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून निदान दोन दिवस सायंकाळी विद्यार्थ्यांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालवावा आणि 'मैत्री' केंद्रांची वयोमर्यादा वाढवून चोविसाव्या वर्षापर्यंत न्यावी. तीन, उपचारासाठी गेलेला वेळ उपस्थितीत धरावा. त्यासाठी आजाराचे नाव लिहून मागू नये. चार, वसतिगृहात वर्षातून दोनदा रक्ततपासणी व्हावी, लोहाच्या गोळ्या मोफत मिळाव्यात आणि भोजनालय चालू राहावे. पाच, पावतीवर आरोग्य आणि कल्याण या नावाने घेतलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब फलकावर लागावा. सहा, आरोग्यकेंद्राचा निनावी वार्षिक अहवाल ज्या समितीपुढे येईल तिच्यात विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत. थेट विद्यार्थी निवडणुका १९९४ च्या कायद्याने गेल्या आणि २०१६ च्या कायद्याने परत आणण्याचे ठरले; ते वचन पाळल्याशिवाय हा कलमाचा शेवटचा भाग पुरा होणार नाही.

आमच्या विद्यार्थी साथींना आणखी एक सांगावयाचे आहे. हक्क मागावयाचा तसा तो वापरावयाचाही असतो. महाविद्यालयात समुपदेशक असेल तर त्याच्याकडे जावे. तो औषधे देत नाही, उपदेशही करीत नसतो. बराच वेळ तो ऐकतो. एका बैठकीत काही होत नाही, तीन-चार लागतात. पटले नाही तर दुसरा मागावा. जाण्यापूर्वीच विचारावे : माझे बोलणे कोठे लिहिले जाईल, कोण वाचेल? समुपदेशक नसेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आहे. तोही दूर असेल तर केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, निःशुल्क चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कोणी मित्र बोलला तर त्याची थट्टा करू नये, त्यास प्रवचन देऊ नये, आणि एकटे तर मुळीच सोडू नये. सरळ विचारावे, शेजारी बसावे, आणि उपचार देणाऱ्या माणसापर्यंत बरोबर जावे. पोलिसांचे भय बाळगण्याचे कारण नाही : आत्महत्येच्या प्रयत्नास सरसकट गुन्हा ठरविणारे जुने ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा व्यक्तीस तीव्र तणावाखालील मानून तिच्या शुश्रूषेची जबाबदारी शासनावर टाकतो.

शाखांनी येत्या सत्रात हे काम हाती घ्यावे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या महाविद्यालयात आणि वसतिगृहात जाऊन पाच प्रश्न विचारावेत. समुपदेशक आहे काय? तो कोणत्या दिवशी, किती वेळ भेटतो? त्याची नेमणूक कोणत्या अटींवर आहे? आरोग्य शुल्काचे गेल्या वर्षी काय झाले? न्यायालयाच्या जुलै २०२५ च्या सूचनांवर संस्थेने कोणती कारवाई केली? तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्यावा. आलेली उत्तरे जिल्हावार एकत्र करून विधिमंडळाच्या अधिवेशनापूर्वी मंत्र्यांच्या हाती द्यावीत. अर्ज लिहिणे, तो दाखल करणे, त्याचा पाठपुरावा करणे यात घोषणांची उब नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एखाद्या तालुक्याच्या गावी ज्या दिवशी त्या रिकाम्या खोलीतील गठ्ठे उचलले जातील, तेथे एक जाणकार माणूस येऊन बसेल आणि दारात उभ्या असलेल्या भेदरलेल्या मुलीस 'ये, बस' असे म्हणेल, त्या दिवशी आपल्या चळवळीने एक खरे काम केलेले असेल.